टू-स्ट्रोक हवा खेचतेय? जेट बदलण्याआधी या चुका टाळा

खानापूर-जांबोटीच्या लाल चिखलात उतरवायला आजही पोरं जुनी टू-स्ट्रोक शोधतात. गाडी तयार होते आणि मग रेस सोडली तरी आरपीएम खाली येत नाही. बहुतेकदा एखाद्या सांध्यातून किंवा सीलमधून इंजिन बाहेरची जादा हवा खेचत असतं, म्हणजे लीक असतो. मेस्त्री मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा) मोठा घालतो, चार दिवस बरं वाटतं आणि एका चढावर पिस्टन धरतो, म्हणजे तापून अडकतो.

पण आधी केबल बघा. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे वळवा. आवाज बदलला तर दोष रेसच्या केबलचा आहे, इंजिन खोलू नका. केबल ठीक असेल तर गरम इंजिनवर किंचित चोक ओढा. त्याने आयडलिंग सुधारलं तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, एवढंच कळतं. हवा नेमकी कुठून येते ते कळत नाही, आयडलिंगचं पेट्रोल देणारा स्लो जेट तुंबला असला तरी असंच होतं. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथे ट्यून केलेली गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात नेली की दाट हवेमुळे मिश्रण थोडं पातळ होतंच. त्याला लीक समजू नका.

सर्रास होणारी चूक स्प्रेची. कार्बोरेटर क्लीनर तापलेल्या सायलेन्सरजवळ मारणं म्हणजे आगीला आमंत्रण, पाण्याचा बारीक फवारा पुरतो. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या इनटेक रबरावर, रीड ब्लॉकच्या (हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पात्यांच्या, म्हणजे रीडच्या, ठोकळ्याच्या) आणि सिलिंडरखालच्या पॅकिंगवर मारा. आवाज बदलला तर जागा सापडली. पण बदलला नाही म्हणून लीक नाही असं ठरवू नका. मॅग्नेट साइडचं ऑइल सील फ्लायव्हीलमागे लपलेलं असतं आणि क्लच साइडचं थेट गिअर ऑइलच्या बाजूला. फवारा तिथे पोचतच नाही. क्लच साइडचं गेलं की इंजिन हवेऐवजी गिअर ऑइल ओढतं: पांढरा धूर, ओला प्लग आणि गिअर ऑइल कमी. लोक मात्र टू-टी ऑइलच्या पंपालाच शिव्या घालतात.

खरं निदान प्रेशर टेस्टनेच होतं आणि ती घरी जमते. उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवाल्याकडून कार्बोरेटरच्या तोंडाच्या मापाचा, नळी बसवलेला बूच करून घ्या आणि कार्बोरेटर काढून तो इनटेक रबरात बसवा. सायलेन्सर काढून सिलिंडरवरच्या त्याच्या तोंडाशी ट्यूबचं रबर आणि पत्र्याची पट्टी आवळा. स्पार्क प्लग जागेवर, पिस्टन तळाला. इनटेककडे येणारी पंपाची ऑइल नळी असेल तर तीही बंद करा. हवा कार्बोरेटरच्या बाजूनेच भरा, कारण प्लगच्या भोकातून भरली तर रीड मिटतात आणि इनटेक रबर तपासलंच जात नाही.

गेजसाठी जुनं बीपी मशीन चालतं! त्याच्या डायलवरचे ३०० म्हणजे जवळपास ६ पीएसआय, आपल्याला तेवढंच हवं. कंप्रेसर लावू नका, धडधाकट सीलही जागेवरून सरकतं. काटा मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावत फिरा. आधी स्वतःच्या बुचांना लावा, बऱ्याचदा हवा तिथूनच जाते. मॅग्नेट कव्हर काढून सीलकडे बघा. मग गिअर ऑइलचं झाकण उघडून त्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरा, फुगला तर क्लच साइडचं सील गेलं.

सील बदलल्यावर टेस्ट पुन्हा करा. मग आधी वाढवलेला मेन जेट काढून मूळ नंबरचा घाला, नाहीतर आता प्लग काळा पडायला लागेल.