गच्चीवरची हिरवळ लीडमध्ये अधिवास म्हणून कशी मोजायची

लीड म्हणजे हरित इमारतींना पॉइंट देऊन प्रमाणपत्र देणारी पद्धत. गच्ची हिरवी केली की पॉइंट मिळाले असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. लीडच्या व्ही४ आवृत्तीत अधिवास, म्हणजे जीवांची राहायची जागा, जपायचं-सुधारायचं जे क्रेडिट (पॉइंट देणारा निकष) आहे, त्यात गच्ची धरायची तर आधी प्रोजेक्टचा एफएआर किमान १.५ पाहिजे, म्हणजे एकूण बांधकाम प्लॉटच्या दीडपट. मंजूर नकाशातला एफएसआय तसाच उचलू नका, लीडच्या व्याख्येनेच मोजा. जळगाव-धुळ्याकडे प्लॉटवर सुटा बंगला असेल तर विषय तिथेच संपला, झाडं जमिनीवरच लावा.

हिशोब असा. प्लॉटवरची जी जागा पूर्वीच बांधकाम-खोदाईने बिघडलेली आहे, तिच्यापैकी ३० टक्के सुधारायची असते, इमारतीखालची जागासुद्धा धरून. समजा ४००० चौरस मीटरचा प्लॉट सगळाच बिघडलेला आहे, तर १२०० लागतात, खाली ७०० निघाले तर गच्चीवर ५००, अन त्यात टाक्या, सोलर, चालायची वाट धरायची नाही.

आता खरा मुद्दा झाडांचा. ती स्थानिक किंवा इथे रुळलेली पाहिजेत, जीवांना आसरा देणारी पाहिजेत अन जैवविविधता वाढवणारी पाहिजेत, म्हणून नुसत्या लॉनच्या किंवा एकाच जातीच्या सेडमच्या (जाड पानांचं बुटकं झाड) चटईच्या भरवशावर राहू नका. माझ्या आजोळी धाब्याचं घर होतं, पावसाळ्यात धाब्यावर आपोआप गवत उगवायचं अन चिमण्या बिया टिपायला यायच्या, मला तर तोच नमुना वाटतो. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं घ्या, मध्ये कोरांटी, तेरडा, अन खोल कुंडीत तरवड, त्याच्या पानांवर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. एक कोपरा मातीचा उघडा सोडा, तिथे पेन्सिलीएवढं भोक अन भोवती मातीची बारीक रास दिसली तर ते मातीत घर करणाऱ्या, एकटी राहणाऱ्या मधमाशीचं असू शकतं, बुजवू नका.

वजनात मात्र हयगय नको. १५ सेंटीमीटर ओली माती चौरस मीटरला २५०-३०० किलो भरते अन साध्या वापरत्या गच्चीचा लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास धरलेला असतो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला डिझाइनच्या वेळीच सांगा, नंतर नाही.

कागदपत्रात गच्चीचा नकाशा क्षेत्रफळासकट द्या, सोबत झाडांची यादी शास्त्रीय नावांसहित.

अन मालकाला आधीच सांगून ठेवा, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला हे गवत वाळून पिवळं पडणार, उपटायचं नाही, गवताची मुळं जिवंत असतात, पाऊस पडला की कोंब येतात.