बीडीएसनंतर कॅन्सर संशोधनात येताय? आधी कंट्रोल कोण आहे ते विचारा

इंटर्नशिप संपत आली की नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे या पट्ट्यातल्या डेंटल कॉलेजांमधून मला मेसेज यायला लागतात. क्लिनिक टाकायचं नाही, एमडीएसची रँक आली नाही किंवा आली तरी मन लागत नाही, तोंडाच्या कॅन्सरवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? मी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने याच पट्ट्यात येते, प्रयोगशाळेत काम करते आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ओरल पॅथॉलॉजी शिकवते. प्रत्येकाला घाईघाईत उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी कडू ते सांगते. पैसा उशिरा येतो. तुमच्या बॅचमधली मुलं ऐरोलीत नाहीतर घणसोलीत गाळा घेऊन डेंटल चेअर बसवतील तेव्हा तुम्ही फेलोशिप कधी जमा होते याची वाट बघत असाल. घरचे विचारतील, "डॉक्टर झालीस ना, मग पेशंट कुठेत?" हे ऐकून घ्यायची तयारी नसेल तर खरंच येऊ नका. पण मार्क बेताचे आहेत, इंग्रजी कच्चं आहे, मॉलिक्युलर बायोलॉजी कधी शिकलोच नाही, एवढ्यावरून मागे फिरू नका. पीसीआर, वेस्टर्न ब्लॉट, सेल कल्चर ही प्रयोगशाळेतली हाताची कामं आहेत. दाताच्या वाकड्या कॅनॉलमधून दहा नंबरची फाइल न मोडता खाली नेणाऱ्याला पिपेट जड जात नाही. एमएस्सीवाली मुलं पहिल्या वर्षी तुमच्या पुढे असतील, हे मान्य करून टाका. त्यांनी जिवंत पेशंटचं तोंड उघडून पाहिलेलं नसतं, तुम्ही पाहिलेलं असतं.

कुठून शिरायचं ते थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांना ठाऊक असतं. बीडीएस चालू असतानाच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएस या विद्यार्थी संशोधन योजनेसाठी अर्ज करा. १९७९ पासून चालणारी ही योजना आहे, दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प असतो, आणि प्रस्ताव लिहिणं म्हणजे काय ते तिथे पहिल्यांदा कळतं. आपल्या दाराशी टाटा मेमोरियलचं खारघरचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट २००२ मध्ये तिथे हलली. तिथली पीएचडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची असते. कुठल्याही पदाची जाहिरात आली की पात्रतेची ओळ स्वतः वाचा, मित्राने सांगितलं यावर जाऊ नका. बीडीएस चालतं की नाही हे पदागणिक बदलतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

कॅन्सरच्या प्रत्येक प्रयोगात तुलना असते. गाठीत अमुक प्रथिन वाढलं म्हणताना ते कशाच्या मानाने वाढलं हे सांगावं लागतं. त्या "कशाच्या" जागी जो ऊतीचा तुकडा बसतो तो कंट्रोल. नवीन माणूस गाठीच्या तुकड्यावर जीव टाकतो आणि कंट्रोल मिळेल तो घेतो. माझी सुरुवातीची सगळी उमेद इथेच अडकली.

प्रकल्प पी-५३ या गाठ रोखणाऱ्या प्रथिनाच्या आयएचसीचा, म्हणजे अँटिबॉडीने ते ऊतीत रंगवून पाहण्याचा होता. मेणात बसवलेले ऊतीचे ब्लॉक आधीच जमवलेले होते, रजिस्टरसकट माझ्या हातात आले. एका रकान्यात गाठी, दुसऱ्यात कंट्रोल, आणि कंट्रोलच्या प्रत्येक नावापुढे सुवाच्य अक्षरात "सवय – नाही". निरोगी श्लेष्मल त्वचेत, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तरात, पी-५३ फार वेळ टिकत नाही, पेशी ते लगेच मोडून टाकते, म्हणून स्टेन केल्यावर बेसल, म्हणजे तळाच्या, थरातली तुरळक केंद्रकं तेवढी तपकिरी दिसतात. जनुकात बिघाड झाला की प्रथिन साचतं आणि रंग वर चढतो. माझ्या कंट्रोलपैकी काही स्लाइडमध्ये रंग बेसल थराच्या बराच वर गेलेला होता. अँटिबॉडीचं डायल्यूशन बदललं, अँटिजेन रिट्रीव्हलची वेळ बदलली, नवा लॉट मागवला. चित्र तेच. शेवटी आमचे टेक्निशियन काका म्हणाले, "मॅडम, अँटिबॉडीला किती दोष देणार? हे पेशंट कोण आहेत ते बघा."

त्या यादीतल्या एक मावशी कवळीसाठी ओपीडीत यायच्या होत्या. त्या आल्यावर मी जवळ बसून पुन्हा विचारलं.

"मावशी, तंबाखू खाता का?"

"नाही हो. आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत."

"दात कशाने घासायच्या?"

"मशेरीने. अजून हिरड्यांना लावते की."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी एकदा. दुपारी भांडी झाली की एकदा. रात्री लावल्याशिवाय झोप येत नाही."

पदराच्या गाठीतून त्यांनी डबी काढून दाखवली. मी खालचा ओठ ओढून पाहिला तर ओठ आणि हिरडीच्या मधल्या खाचेत त्वचा पांढुरकी, बारीक सुरकुत्यांची झालेली. कंट्रोल म्हणून ठेवलेला तुकडा त्याच खाचेच्या कडेचा होता.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. तंबाखूतले एनएनएन आणि एनएनके हे कर्ककारक नायट्रोसअमाइन त्यात असतात, भाजण्यामुळे बेन्झोपायरीनची भर पडते. एनएनके स्वतः थेट डीएनएला चिकटत नाही. पेशीतली एन्झाइम त्याला बाहेर टाकण्यासाठी बदलायला जातात आणि त्या बदलात तयार झालेला क्रियाशील तुकडा ग्वानिनवर मेथिल गट बसवतो. अशा ग्वानिनची जोडी चुकीची लागते, पेशी दुभंगताना ती चूक पुढच्या पिढीत कायम होते. मावशींना कॅन्सर नव्हता, हे खरं. पण ही प्रक्रिया त्यांच्या खाचेत वर्षानुवर्षं चालू होती, आणि आम्ही तिला "काहीच झालेलं नाही" या रकान्यात ठेवलं होतं. तो सगळा कंट्रोल गट बाजूला काढावा लागला. रजिस्टर भरणाऱ्यांवर माझा राग बरेच दिवस होता, अजून पूर्ण गेलेला नाही. छापील फॉर्ममध्ये "तंबाखू/धूम्रपान/मद्य" एवढंच होतं, त्यांनी तेवढंच विचारलं.

तुम्ही म्हणाल, मग गाठीशेजारची चांगली दिसणारी कड घ्यावी, पेशंट एकच, वय एकच, सवय एकच. बहुतेक थिसिसमध्ये हेच असतं, आणि इथे सर्वात जपून राहा. १९५३ मध्ये स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे ७८३ पेशंट तपासून दाखवलं की गाठीच्या भोवतालची, डोळ्याला नॉर्मल वाटणारी त्वचाही सूक्ष्मदर्शकाखाली बदललेली असते. फील्ड कॅन्सरायझेशन, म्हणजे गाठीभोवतीचं सगळं शेतच बिघडणं, हे नाव तिथून आलं. पुढे जनुकांच्या तपासणीत हेच ठळक झालं. १९९६ मध्ये कॅलिफानो यांच्या गटाने मांडलेल्या क्रमात ९पी२१ हा गुणसूत्राचा तुकडा हरवणं अगदी सुरुवातीला येतं, त्वचेत पेशींची ठेवण बिघडलेली दिसायच्याही आधीच्या टप्प्यांत. म्हणजे शेजारच्या कडेशी तुलना केलीत तर सर्वात पहिले बदल दोन्हीकडे असतील आणि तुमच्या आलेखात ते दिसणारच नाहीत. तुम्ही लिहाल, "फरक आढळला नाही." फरक असतो. तुम्ही आजारी शेताची तुलना त्याच शेताच्या बांधाशी केलेली असते.

अक्कलदाढ काढताना मिळणारी हिरडी हा दुसरा सोपा मार्ग. आपल्या ओरल सर्जरीच्या ओपीडीत ती रोज मिळते. पण अक्कलदाढेचा पेशंट बहुधा विशीतला आणि गाठीचा पेशंट पन्नाशीचा. डीएनए मेथिलेशन, म्हणजे डीएनएवरच्या मेथिल गटांच्या खुणा, वयानुसार बदलतंच, मग दिसलेला फरक कॅन्सरचा की वयाचा? आणि जागा बघा. केराटिन या अस्तराच्या प्रथिनांपैकी ४ आणि १३ ही गालाच्या आतल्या मऊ, न केराटिनलेल्या अस्तराची, तर १ आणि १० ही हिरडी आणि टाळूची. गालाच्या गाठीची हिरडीशी तुलना करून "केराटिन १३ कमी झालं" असं लिहिलंत तर त्यातला किती भाग कॅन्सरचा आणि किती जागेचा, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. ओरल हिस्टॉलॉजी पहिल्या वर्षी घोकलेली असते, ती इथे कामाला येते. एमएस्सीच्या मुलाला हे कोणीतरी सांगावं लागतं.

घाबरू नका, परिपूर्ण कंट्रोल नसतोच. प्रश्न बदलला की योग्य कंट्रोल बदलतो. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम कन्सोर्शियमच्या भारतीय गटाने, ज्यात खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी ही जीनोम संशोधन संस्था होती, गाल आणि हिरडीच्या कॅन्सरमधले जनुकीय बदल प्रसिद्ध केले. टीपी५३, सीएएसपी८, एफएटी१, एनओटीसीएच१ या ओळखीच्या जनुकांच्या नावांसोबत यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी नवी नावं त्यात आली. तिथे प्रत्येक गाठीची तुलना त्याच माणसाच्या रक्ताशी होती, कारण प्रश्न होता की जन्मतः नसलेला कुठला बदल गाठीत आला. प्रथिनाची पातळी मोजायची असेल तर रक्ताचा उपयोग नाही, तिथे त्याच जागेची, त्याच वयोगटातल्या, खरोखर सवय नसलेल्या माणसाची त्वचा हवी. ती थोडीच मिळेल. थोडीच घ्या. संशयास्पद तीसपेक्षा खात्रीचे दहा बरे, आणि संख्या वाढवा म्हणणाऱ्या गाइडला हे तोंडावर सांगायला शिका. एथिक्स कमिटीची परवानगी आणि मराठीत समजावून घेतलेली संमती, या दोन्हीशिवाय एक तुकडाही उचलू नका. ताजा तुकडा आरएनएसाठी हवा असेल तर तो फॉर्मलिनमध्ये जाण्याआधी वेगळा काढा. ओटीतली सिस्टर सवयीने सगळंच फॉर्मलिनमध्ये टाकते, म्हणून स्वतः जाऊन उभे राहा.

गाइडबद्दल माझं मत ठाम आहे. मोठ्या नावाच्या मागे लागू नका. जो गाइड तुमचं रजिस्टर उघडून एखाद्या ओळीवर बोट ठेवून "हे कशावरून?" विचारतो, तो धरा. प्रकाशनांची यादी लांब आणि कच्चा डेटा बघायला वेळ नाही, अशा माणसाकडे तुम्ही फक्त यादीतली पुढची ओळ होता. टेक्निशियनशी नीट वागा. मी आयएचसी आणि सेक्शन कापणं त्यांच्याकडूनच शिकले.

आणि आडवाटांबद्दल. पैसे भरून आठवड्यात छापणारी जर्नलं, थिसिस लिहून देणारी दुकानं, मुलाखतीआधी घाईने काढलेले चार रिव्ह्यू. यातलं काहीही केलंत तर मुलाखतीत पाचव्या मिनिटाला कळतं. त्याहून फसवी वाट म्हणजे घरी बसून अमेरिकन डेटाबेसवर विश्लेषण. टीसीजीए या अमेरिकन कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा डोक्या-मानेच्या कॅन्सरचा २०१५ चा संच २७९ गाठींचा आहे आणि शिकायला उत्तम आहे. पण तिथले पेशंट प्रामुख्याने सिगारेट ओढणारे आहेत. आपल्याकडे मावा आणि चुना-तंबाखू गालात धरून ठेवणारा माणूस येतो. तिकडचं उत्तर इकडच्या गालाला जसंच्या तसं लावू नका.

हे सगळं मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात का बोलते, असं सहकारी विचारतात. कारण कंट्रोल प्रयोगशाळेत बिघडत नाही, तो ओरल मेडिसिनच्या खुर्चीवर, केस हिस्ट्री भरताना बिघडतो. "सवय: आहे/नाही" ही चौकट आपण विद्यार्थ्याला देतो आणि तो प्रामाणिकपणे टिक करतो. माझ्या वर्गात आम्ही ती चौकट काढली. काय लावता, काय चघळता, काय ओढता, हे वेगवेगळं विचारायचं. कुठल्या बाजूला ठेवता, ते बोटाने दाखवायला सांगायचं. किती वेळ ठेवता, थुंकता की गिळता, तोंडात ठेवून झोपता का. तपकीर, मशेरी, सुपारी यांची नावं घेऊन विचारायचं. "तंबाखू नाही, नुसती सुपारी" म्हणणारा तर रजिस्टरमध्ये हमखास निरोगी ठरतो. प्रत्यक्षात अ‍ॅरेकोलिन हे सुपारीतलं रसायन फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन बनवायला लावतं, सुपारीतलं तांबं ते कोलॅजन घट्ट विणणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला बळ देतं, तोंड उघडेनासं होतं, आणि आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) २००४ मध्ये सुपारीला तंबाखूशिवायही कर्ककारक ठरवलेलं आहे.

तुर्भ्याच्या बाजारात माथाडी कामगारांचं तपासणी शिबिर होतं तेव्हा मुलांनी हेच प्रश्न विचारले. एका मुलीने कागदावर तोंडाचा नकाशा काढून घेतला होता आणि प्रत्येक पेशंटला पेन्सिल देऊन खूण करायला सांगत होती. खूण केलेल्या जागी ती आरसा आधी नेत होती. पांढरा चट्टा असलाच तर बहुतेक तिथेच सापडत होता. शिबिरानंतर तिने विचारलं, खूण नसलेल्या बाजूचा स्वॅब घेतला तर तो कंट्रोल होईल का? मी तिला फील्ड कॅन्सरायझेशनचा पेपर वाचायला दिला आणि तिच्या एसटीएसच्या प्रस्तावाची सुरुवात तिथूनच झाली.

परीक्षकांकडे माझं एकच मागणं आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत केस हिस्ट्रीला गुण असतात. त्यातले काही गुण सवयीच्या तपशीलवार नोंदीसाठी वेगळे ठेवा, आणि "नाही" लिहिलं असेल तर विद्यार्थ्याला विचारा, कुठले प्रश्न विचारून "नाही" लिहिलंस?