कॉलेजातल्या ट्यूब बदलताना

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम यायच्या आधी सगळे दिवे एलईडी करा, असं प्राचार्यांनी सांगितलं. सगळे म्हणजे किती, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून खरेदीच्या आधी मोजणी. मी शिपाईमामांना घेऊन खोलीखोलीत फिरलो आणि वहीत लिहिलं: पट्ट्या (दिव्याची अख्खी फिटिंग) किती, चोक (ट्यूबचा करंट आवरणारा भाग) कुठला, दिवा रोज किती तास चालू.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तांब्याचा चोक असलेली ३६ वॅटची ट्यूब चोकसकट पन्नासेक वॅट खाते. २० वॅटची एलईडी पट्टी लावली की तीस वाचतात. रोज बारा तास चालणाऱ्या शंभर ट्यूब बदलल्या तर दिवसाला ३६ युनिट. म्हणून आधी जिने, कॉरिडॉर, वाचनालय, हॉस्टेल. स्टोअररूमची ट्यूब उडेल तेव्हा बदला.

जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायचा मोह टाळा. आमच्याकडचे होल्डर पिवळे पडून इतके ठिसूळ झाले होते की ट्यूब फिरवली की तुकडा हातात यायचा. शिवाय एकाच टोकाला फेज-न्यूट्रल दिलेल्या पट्टीत पुढेमागे कुणी साधी ट्यूब घातली, तर शॉर्टच. अख्खी पट्टी बदला.

त्याआधी मेन बंद करून बोर्डातल्या न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या वायरचा, स्क्रू आवळून घ्या. मी घेतला नाही. ढिला न्यूट्रल सुटला, एका फेजवर व्होल्टेज तीनशेच्या वर गेलं आणि नव्याकोऱ्या अकरा पट्ट्या गेल्या. आठवडाभर मी दुकानदाराशी भांडत होतो, दोष एका स्क्रूचा होता!

कोटेशन मागवताना पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली खरी कामाला येणारी किती) ०.९ च्या वर आणि ४ केव्ही सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून बचाव, लेखी मागा. नमुन्याच्या पट्ट्या एकाच वर्गात लावा. अंधार पडल्यावर फिजिक्स लॅबचा लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, बाकांवर ठेवून बघा. ३०० लक्सच्या आसपास हवं. मग पहिल्या बाकावर स्वतः बसा. फळा चमकत असेल तर पुढची पट्टी सरकवा. वर्कशॉपसाठी मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो माल लेथजवळ नको, लेथचा फिरता चक (काम पकडणारा भाग) थांबल्यासारखा दिसू शकतो.

काढलेल्या ट्यूब जिन्याखाली उभ्या करू नका. पोरं फोडतात आणि आत पारा असतो. खोक्यात भरून परवानाधारक ई-कचरावाल्याला द्या, पावती घ्या. चोक वजनावर विकले जातात. ते पैसे त्याच दिवशी ऑफिसात भरा, ऑडिटवाले नेमकं तेच विचारतात.