लवचीक सेन्सरमध्ये यायचंय? आधी सांधा शिका

मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर, छातीवर चिकटवायच्या ईसीजी पॅचवर काम करते. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: ग्राफीन घेऊ की सिल्व्हर नॅनोवायर? मी सांगते, मटेरियल नंतर ठरवा. आधी सांधा शिका, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी जिथे जोडल्या जातात ती जागा.

सिलिकॉन चिपचा यंग मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचं माप, 100 गिगापास्कलच्या वर आहे. पीडीएमएस रबराचा तो दोन-तीन मेगापास्कल, आणि मेंदूचा काही किलोपास्कल. कडक आणि मऊ जिथे एकमेकांना चिकटतात तिथेच ताण साचतो. मशीनवर हजारो वेळा वाकूनही टिकलेली पट्टी माणसाच्या अंगावर लवकर दगावते, आणि बहुतेकदा तुटते ती वायर जोडलेल्या जागी. म्हणून पेपर वाचताना कनेक्टरचा फोटो शोधा. तो नसेल तर मला तरी शंका येते.

जाडी हे तुमचं मोठं शस्त्र आहे. थर दहापट पातळ केला की वाकवायला लागणारा जोर हजारपट घटतो, त्यामुळे ठिसूळ सिलिकॉनही वळतं. अमेरिकन संशोधक जॉन रॉजर्स यांच्या गटाने 2011 साली ‘सायन्स’मध्ये मांडलेलं त्वचेवरचं इलेक्ट्रॉनिक्स याच तत्त्वावर उभं आहे: अतिपातळ थर आणि नागमोडी तारा. सुरुवात त्या पेपरपासून करा.

दुसरा सांधा त्वचेशी. ईसीजीचा सिग्नल जेमतेम मिलिव्होल्टभर. इलेक्ट्रोड जरा सरकला की बेसलाइन, म्हणजे आलेखाची मूळ रेषा, भरकटते. एसी लॅबमधल्या निकालावर समाधान मानू नका, मे महिन्यातल्या मुंबईच्या घामात पॅच लावून जिने चढा. चाचणीसाठी वेगवेगळ्या वर्णांची, वेगवेगळ्या वयांची माणसं घ्या. पल्स ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची घट जास्त वेळा चुकवतात, हे 2020 साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. हे वाचून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

शरीराच्या आत बसवायच्या सेन्सरचं दुखणं निराळं: पाणी आत झिरपतं आणि बॅटरी बदलता येत नाही. अमेरिकेत 2014 साली मान्यता मिळालेल्या कार्डिओमेम्स या सेन्सरमध्ये बॅटरीच नाही. फुप्फुसाच्या धमनीतला दाब बदलला की त्यातल्या सर्किटची अनुनाद वारंवारता (ज्या वारंवारतेला ते सर्वात जोरात प्रतिसाद देतं ती) बदलते आणि बाहेरचा अँटेना ती वाचतो. किती साधं, किती सुंदर!

कॉलेजात क्लीनरूम (सूक्ष्म उपकरणं बनवायची धूळमुक्त लॅब) नसेल तर अडून बसू नका. आयआयटी मुंबईत आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम) या कार्यक्रमाखाली बाहेरच्या संशोधकांनाही नॅनोफॅब्रिकेशनचं प्रशिक्षण मिळत आलंय; सध्याच्या अटी बघून अर्ज करा. सोबत सिग्नल प्रोसेसिंग आणि थोडं पायथन हवंच. परवानगी घेऊन वॉर्डातल्या सिस्टरांशी बोला. पॅच कुठे सोलवटतो, आंघोळीच्या वेळी काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आयएसओ 10993 (वैद्यकीय उपकरण शरीराला चालतं का, हे तपासायचं मानक) आणि भारताचे 2017 चे मेडिकल डिव्हाइस रूल्स डिझाइन सुरू करतानाच वाचा. चिकटद्रव्य त्वचेला चालत नाही हे शेवटी कळलं, तर अख्खा पॅच नव्याने करावा लागतो. माणसांवर चाचणी करायची असेल तर एथिक्स कमिटीचा अर्जही पहिल्या सत्रातच लिहायला घ्या.