एकसारख्या आकाराचे सिलिका नॅनोकण : स्टोबर पद्धत

1968 साली स्टोबर, फिंक आणि बोन यांनी मांडलेली ही पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. कणांचा आकार पहिल्या काही मिनिटांतच ठरतो, त्यामुळे सगळी काळजी तिथे घ्यायची.

150 ते 200 नॅनोमीटरच्या कणांसाठी निर्जल इथेनॉल 84 मिली, शुद्ध पाणी 8.6 मिली, 28 टक्के अमोनिया 3.4 मिली आणि टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्यापासून सिलिका बनते तो द्रव) 3.8 मिली घ्या. इथेनॉलपैकी 20 मिली बाजूला काढून त्यात टीईओएस मिसळा. उरलेलं इथेनॉल, पाणी आणि अमोनिया झाकलेल्या फ्लास्कमध्ये 25 अंशांवर पंधरा मिनिटं ढवळा. मग जोरात ढवळत असतानाच टीईओएसचं मिश्रण एका दमात ओता. थेंबाथेंबाने टाकलं तर कणांची बीजं वेगवेगळ्या वेळी तयार होतात आणि आकार विखुरतो. काही मिनिटांत निळसर झाक येते, मग द्रव दुधासारखा होतो. रात्रभर ढवळत ठेवा. साधारण 1 ग्रॅम सिलिका मिळते. हे सारं फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), गॉगल आणि हातमोजे घालूनच करा. टीईओएसची वाफ डोळ्यांना घातक असते.

लहान कण हवे असतील तर अमोनिया कमी करा किंवा तापमान वाढवा. पाणी वाढवलं की कण आधी मोठे होतात, पण सुमारे 7 मोलरच्या (एक लिटर मिश्रणात 7 मोल पाणी) पुढे पुन्हा लहान होऊ लागतात.

मोठे कण एका फटक्यात करण्यापेक्षा बीजवाढ, म्हणजे तयार कणांवरच नवी सिलिका चढवणं, केलेली बरी. तयार झालेला 10 मिली द्रव, टीईओएस वगळून वरच्याच प्रमाणात केलेल्या 90 मिली मिश्रणात घ्या. व्यास दुप्पट करायचा तर एकूण सिलिका आठपट लागते, म्हणजे 10 मिलीत आधीच असलेल्या 0.38 मिलीच्या सातपट, आणखी 2.7 मिली टीईओएस. इथे मात्र घाई नको. ते पाच-सहा तासांत थेंबाथेंबाने सोडा, नाहीतर नवी बीजं धरतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या कणांमध्ये बारके कण दिसतात.

कृती तीच असूनही दर वेळी आकार बदलत असेल तर आधी अमोनियाची बाटली तपासा. वारंवार उघडल्याने तिचा जोर उतरतो. नंतर फ्लास्क बघा : काचेला चिकटलेला जुना सिलिकाचा थर आणि धूळ हीसुद्धा बीजंच.

धुताना सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून कण तळाशी बसवून) वरचा द्रव ओतून टाका आणि ताज्या इथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिक बाथने कण पुन्हा सुटे करा. असं तीनदा. नंतर ते इथेनॉलमध्येच ठेवा. गरम करून वाळवलेले कण एकमेकांना असे धरतात की पुन्हा पूर्ण सुटत नाहीत.