कॅम्परव्हॅन आणि हयातीचा दाखला

दिवाळीनंतर नाशिकहून कॅम्परव्हॅन काढून महिनाभर कोकणात राहणार असाल, तर नोव्हेंबर हा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा महिना आहे हे लक्षात ठेवा. त्यासाठी कसारा घाट चढून परत यायची मुळीच गरज नाही, फोनवर चेहरा दाखवून तो कुठूनही देता येतो. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही ॲप्स घरीच फोनमध्ये घेऊन ठेवा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, आधार आणि खाते क्रमांक वहीत लिहून सोबत न्या. चेहरा दाखवताना व्हॅनच्या अंधारात बसू नका, बाहेर सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसा. रेंजही तिथे बरी मिळते. केंद्राच्या ऐंशीपुढच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, त्यांनी तो देऊनच निघावं. ईपीएस-९५ (पीएफ कार्यालयाची पेन्शन) वाल्यांना वर्षात कधीही चालतो, मुदत बारा महिने.