जे (J) या प्रोग्रामिंग भाषेत रँक कुठे लावावी: मुंबईच्या पावसाच्या आकड्यांवर वेग तपासा

कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचा वर्षभराचा तासागणिक पाऊस आकड्यांच्या एका बहुमितीय तक्त्यात, म्हणजे अ‍ॅरेत भरला, तर त्याचा आकार होतो २ × ३६५ × २४, म्हणजे १७,५२० आकडे. खरी नोंद हाताशी नसेल तर सरावासाठी ० ते १ मधल्या यादृच्छिक आकड्यांचा असा अ‍ॅरे पुरतो:

`? 2 365 24 $ 0`

१. आधी आकार बघा. नुसते `+/` पहिल्या अक्षावर बेरीज करते. त्यामुळे दोन्ही वेधशाळा एकत्र होतात आणि ३६५ × २४ चा अ‍ॅरे हाती येतो. एरर येत नाही, म्हणूनच ही चूक घातक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, तर कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. असे आकडे मिसळून काय उपयोग? `"` नंतरचा आकडा ही रँक: फंक्शन एका वेळी किती अक्षांचा तुकडा घेते ते ती सांगते. दिवसाची बेरीज हवी तर `+/"1`. वर्षभरातली दर तासाची बेरीज हवी तर `+/"2`, त्यासाठी आधी `|:` ने अक्ष फिरवू नका, अ‍ॅरेची एक जादा प्रत उगाच बनते.

२. रँक आतल्या फंक्शनला द्या. कामगिरीतला मोठा फरक इथेच पडतो. दिवसातल्या सर्वाधिक (`>./`) आणि सर्वात कमी (`<./`) तासाच्या पावसातला फरक काढायचा आहे:

`(>./ - <./)"1`
`(>./"1 - <./"1)`

उत्तर दोन्हींचे एकच. पण पहिल्यात कंसातली अख्खी रचना ७३० ओळींवर ७३० वेळा चालते. दर वेळी इंटरप्रिटर तीन फंक्शने हाक मारून चालवतो आणि बारीकसारीक तात्पुरते निकाल साठवतो. २४ आकड्यांच्या कामापेक्षा हा खटाटोपच भारी पडतो. दुसऱ्यात `>./"1` एकदा, `<./"1` एकदा, आणि वजाबाकी संपूर्ण २ × ३६५ वर एकदाच. ओळींवरून फिरणे भाषेच्या आत, संकलित कोडमध्ये होते. ओळी लांब असतील, समजा लाखभर आकड्यांच्या, तर हा फरक जवळपास पुसला जातो. आखूड ओळी आणि त्याही पुष्कळ, तिथे मात्र तो जाणवतोच.

३. `@` आणि `@:` यांत गल्लत नको. दोन्ही दोन फंक्शने जोडतात, पण `@` उजव्या फंक्शनची रँक उचलते. पाऊस पडलेले तास मोजायला (`*` धन आकड्याला १ आणि शून्याला ० देते) `+/@*` लिहिले, तर एकेका आकड्याची वेगळी ‘बेरीज’ होते: १७,५२० फेऱ्या, आणि आकार जिथल्या तिथे. बरोबर रूप:

`+/"1@:*`

इथे `*` संपूर्ण अ‍ॅरेवर एकदाच चालते, मग ओळीगणिक बेरीज.

४. मोजा. आधी दोन्ही रूपांचे उत्तर जुळते का ते `-:` ने बघा; १ यायला हवा:

`((>./ - <./)"1 -: (>./"1 - <./"1)) ? 2 365 24 $ 0`

मग १०० फेऱ्यांचा सरासरी वेळ, सेकंदांत:

`100 (6!:2) '(>./ - <./)"1 ? 2 365 24 $ 0'`
`100 (6!:2) '? 2 365 24 $ 0'`

दुसरा आकडा नुसता अ‍ॅरे तयार करण्याचा. तो पहिल्यातून वजा करा. दुसरे रूपही असेच मोजा. किती बाइट मेमरी लागली ते `7!:2` सांगते.

रँकनंतर लगेच आकडे येत असतील तर मध्ये `]` घाला: `+/"1 ] 2 365 24 $ 0.5`. ते राहिले तर 1 आणि पुढचे आकडे मिळून एकच यादी धरली जाते आणि ती सगळी रँक समजली जाते.